नाव शेवटी सांगणाऱ्या कामडी मॅडम

सर्व मंडळींस सप्रेम नमस्कार.

मेश्राम सर, तुमची कंबर आता कशी आहे? ग्रंथाच्या कामासाठी दिवसदिवस खुर्चीत बसून असता असं ऐकतो. मधून मधून उठून चार पावलं टाकत जा. तळेगावच्या प्रमोदची साखर या महिन्यात किती आली? चहा खरंच सोडला, की फक्त घरच्यांसमोर सोडला? आमचे जुने हेड क्लार्क ढगे साहेब, कानाचं यंत्र बसवलंत का? बसवलं असेल तर आता मी हळू बोललो तरी चालेल. शुभाताई, तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? आणि मॅडम, डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणतात? बारीक अक्षर अजिबात दिसत नाही, की उजेडात थोडं दिसतं? बंगळुरूची हवा तुम्हाला मानवते का? माझं म्हणाल तर गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही, म्हणून बरं चाललं आहे.

कामडी मॅडमना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचा ठरवला आहे. मेश्राम सरांनी मलाही लेख मागितला. लेख कसा लिहितात ते मला ठाऊक नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं जे काही आलं ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसता पुसता आलं. पत्र मात्र लिहिता येतं, तेव्हा हे पत्रच समजावं. आणि एक गोष्ट लपवून ठेवत नाही, या लेखात माझं एक काम आहे. प्रयोगशाळेतल्या शेवटच्या फळीवरच्या अकरा बरण्या दिवाळीच्या सुट्टीत फेकल्या जाणार आहेत. त्या राहाव्या म्हणून मॅडमची सही पाहिजे, आणि मॅडम नाही म्हणाल्या आहेत. आधी मॅडमबद्दल सांगतो, मग त्या बरण्यांकडे वळतो.

मॅडम भेटल्या त्या वेळी मी वर्ध्याच्या आमच्या महाविद्यालयात झाडांना पाणी देणारा माणूस होतो. प्रयोगशाळेतला परिचर नोकरी सोडून गेला आणि फॉर्मालिनच्या त्या वासात जायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून मला पाठवलं. दारात उभा राहिलो तो नाकाला रुमाल लावूनच. आत सुती साडी नेसलेल्या, ठेंगण्याशा एक बाई तासाची तयारी करत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"गाव कोनतं जी तुमचं?"

"वडनेर."

"मी आंजीची. मोठी आंजी. वावरात शेणखताचा वास येते का तुमाले?"

"येते जी."

"तिथं रुमाल लावता?"

मी रुमाल खिशात ठेवला. तेव्हापासून मॅडम निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांच्या हाताखाली काम केलं. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असे. तास संपून मुलं गेली की माझ्याशी त्या आंजीचं बोलत. त्यांचे वडील तिथे भाजीपाला पिकवत, आणि माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात आले की पोरीला भेटायला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येत. आत कधी येत नसत. सापाच्या बरणीची त्यांना भीती वाटे.

मॅडमच्या शिकवण्याची एकच रीत होती, नाव शेवटी. एखादा मुलगा खिशातून डबी काढून "मॅडम, गोम आणली" म्हणाला की त्या म्हणत, "नाव शेवटी. आधी दिसतं ते सांगा." मग प्रश्न सुरू होत. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का? पाठीला कणा आहे का? अंगावर वलयं आहेत का? पायांना सांधे आहेत का, आणि एका वलयाला पायांच्या जोड्या किती? एक जोडी निघाली तर गोम, दोन निघाल्या तर तो वाणी किडा. मुलगा मोजत बसे, आणि पुष्कळदा त्याची गोम म्हणजे वाणी निघे. त्याला लाज वाटू नये म्हणून मॅडम म्हणत, "तुमचं मोजणं बरोबर होतं. घाई नावाची झाली."

हे प्रश्न रोज कानावर पडत, ते माझ्या अंगवळणी पडले. घरी वांग्याच्या भाजीत अळी निघाली तरी मी ताट उजेडाकडे धरून पाहत बसे. बायको म्हणे, "तुमी पाय मोजून राह्यले का जेवून राह्यले?"

एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेला रंग द्यायचं निघालं. मॅडम पेपर तपासायला नागपूरला गेल्या होत्या. बरण्या, पेट्या सगळ्या खाली उतरवल्या. रंग वाळला आणि परत लावायची वेळ आली, तेव्हा कोणती कुठे होती ते काही आठवेना. चिठ्ठ्यांवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती. मग मी माझ्या अकलेनं मांडणी केली. उडणारे सगळे एका फळीवर बसवले, फुलपाखरू, टोळ, चिमणी, वटवाघूळ. पाण्यातले एका फळीवर, मासा, खेकडा, झिंगा, शिंपला. बिनपायाचे एका फळीवर, गांडूळ, जळू, साप, गोगलगाय. पाणसापाला कुठे ठेवावं याचा मात्र अर्धा दिवस घोर लागला, शेवटी त्याला पाण्यात बसवलं. सगळं इतकं सुबक दिसत होतं की मीच दोन पावलं मागे सरून पाहत राहिलो.

ढगे साहेब डोकावून गेले. म्हणाले, "गुणवंता, आता मॅडम तुलेच बरनीत भरते. चिठ्ठीवर काय लिहू ते सांगून ठेव."

मॅडम आल्या आणि एकेक फळी पाहत गेल्या.

"कोन्या हिशोबानं लावलं जी हे?"

मी सांगितलं.

"मंग पानसापाले पान्यात काऊन बसवलं? पाय तर त्यालेही नाई."

"तिथंच अडलो होतो जी."

मॅडम हसल्या. "तिथंच अडाले पाह्यजे," म्हणाल्या.

माझी मांडणी त्यांनी पंधरा दिवस तशीच ठेवली. पहिल्या वर्षाची मुलं आली तेव्हा म्हणाल्या, "हे गुणवंतभाऊंनी लावलं आहे. त्यांनी एक नियम ठरवला आणि शेवटपर्यंत पाळला. आता हा नियम कुठे कमी पडतो ते तुम्ही शोधायचं." मुलं कामाला लागली. कोणी मला हसलं नाही, कारण मॅडमनी हसण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी वटवाघळाची काचेची पेटी टेबलावर ठेवली, मला बोलावलं आणि माझा हात बोटं पसरून तिच्याशेजारी ठेवायला लावला. वटवाघळाच्या पंखातही बोटंच होती, काडीसारखी लांब झालेली, आणि त्यांच्यावर ताणून बसवलेली कातडी. वरच्या कडेला नख असलेला अंगठा.

"अंगावर काय हाये त्याच्या?"

"केस हाये जी."

"पिल्लाले काय पाजते?"

"केस हायेत तं दूधच पाजत असन."

"मंग हे चिमनीकडचं का कोनाकडचं?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. म्हटलं, "आपल्याकडचं जी."

पोरं खो खो हसली. मॅडम मात्र त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या." आणि मुलांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरी आठवण प्रमोदच्या बेडकाची. शनिवारी प्रत्येकानं आपल्या गावचा एक जीव आणायचा, पाहायचा, वहीत उतरवायचा आणि सोमवारच्या आत तो होता त्याच जागी नेऊन सोडायचा, असा मॅडमचा दंडक होता. बरणीत जायचा तो फक्त मेलेला सापडलेला. प्रमोदनं तळेगावहून, श्यामजी पंतांचं म्हणतात त्या तळेगावहून, खरबरीत पाठीचा एक मोठा बेडूक डब्यात आणला, आणि त्याच दुपारी त्याला ताप भरला. त्याचे काका त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेले, डबा टेबलावरच राहिला. रविवारी सकाळी मी कुंड्यांना पाणी द्यायला गेलो तर मॅडम डबा घेऊन पायरीवर बसलेल्या. "चाला जी," म्हणाल्या, "तळेगावले जाऊन येऊ."

आर्वीकडची बस धरली. कंडक्टरनं झाकणाची भोकं पाहिली.

"डब्यात काय हाये बाई?"

"पाव्हना हाये. घरी पोचवून राह्यलो."

त्यानं वाकून आत पाहिलं. "बेंडूक? इथंच कोन्या नालीत सोडा ना. त्याले वर्धा काय अन् तळेगाव काय."

"तुमची बदली गडचिरोलीले केली तं तुमाले काय, असं म्हनू का मी?"

कंडक्टर पुढे निघून गेला. दोन थांबे गेल्यावर परत आला आणि म्हणाला, "खिडकीतून ऊन येते त्याच्यावर. इकडं सावलीत बसा."

प्रमोदच्या आईनं जागा दाखवली, गुरांच्या हौदामागचा दगड. बेडूक आधी थोडा वेळ बसून राहिला, मग सावकाश दगडाखाली गेला. मॅडमनी प्रमोदच्या वहीत "पोचवला" असं लिहून सही केली. परतताना आंजीला उतरलो. मॅडमचे वडील वांग्यांच्या वाफ्यात होते. सगळं ऐकून मला म्हणाले, "पोरगी तं आमची हाये. तुमी कोन्या पक्षाचे जी, बेंडकाकडचे?" पिशवीभर वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दिली, आणि मॅडमना म्हणाले, "पुढच्या खेपेले साप आनशीन तं आधी कळवजो."

अजूनही आर्वीला जाताना बस आंजीला थांबली की मी त्या बाजूला पाहतो. वाफे आहेत, पण आता दुसऱ्या कोणाचे.

आता माझ्यावरच्या उपकाराबद्दल सांगतो. त्या रंगाच्या उन्हाळ्यानंतर मॅडमनी मला दुपारच्या सुट्टीत इंग्रजी अक्षरं शिकवायला सुरुवात केली. म्हणाल्या, "तुमी हिशोबानं लावता. वाचताही आलं तं कोनाच्या बाचं भेव नाई." वर्षभरात चिठ्ठ्या माझ्या हातच्या होऊ लागल्या. माझं अक्षर वळणदार आहे असं मॅडम म्हणत. मला ते खरं वाटत नसे, पण ऐकायला आवडे.

एका पावसाळ्यात वडनेरला, न्हाणीच्या विटेखाली मला एक लांबोडा जीव दिसला. गांडूळ म्हणावं तर गांडूळ नाही, जळू म्हणावं तर जळू नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून आणला, पण वाटेतच मेला. मॅडमनी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिला, खूप वेळ पाहिला. म्हणाल्या, "हे मी नाई पाह्यलं आतापावतर." त्यांनी बरणी मागवली आणि चिठ्ठी स्वतः लिहिली. ठिकाण: वडनेर. नाव: पाहायचं आहे. संग्राहक: गुणवंत. त्याखाली माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण.

माझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबले. त्यांचं नाव कोणत्या कागदावर कौतुकानं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्यांना एक दिवस घेऊन आलो आणि चिठ्ठी वाचून दाखवली. बरणीकडे पाहून ते म्हणाले, "तुहं लिवलं, माह्यं लिवलं. अन् या गरिबाचं?"

मॅडम म्हणाल्या, "त्याचंही लिहू बाबाजी. पाहून लिहू."

अशा "पाहायचं आहे" लिहिलेल्या बरण्या शेवटच्या फळीवर जमत गेल्या. त्या पाहायला वेळ मिळावा असं मॅडमना फार वाटे. कधी परीक्षा आली, कधी पुस्तक मिळालं नाही. निवृत्त झाल्यावर निवांत बसून पाहू म्हणाल्या, तर त्यांचे यजमान आजारी पडले. त्यांची सेवा मॅडमनी कशी केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ते गेले, मग मॅडमची नजर अधू झाली, आणि शुभाताई त्यांना बंगळुरूला घेऊन गेल्या. मुलीनं आईला नेलं ते चांगलंच केलं. पण वर्ध्याच्या त्यांच्या घराच्या फाटकाला कुलूप दिसलं की मी सायकल थोडी जोरात मारतो.

मीही निवृत्त झालो. प्रयोगशाळेची किल्ली मात्र कोणी परत मागितली नाही, म्हणून दर मंगळवारी जातो, बरण्या पुसतो, कमी झालेलं फॉर्मालिन भरतो. आता तिथे मुलं थोडी, तास त्याहून थोडे. फळीसमोर उभा राहिलो की मागून "कोन्या हिशोबानं जी?" असं कोणी विचारेल असं वाटत राहतं. विचारत कोणी नाही.

यंदा ती खोली दुसऱ्या कामाला लागणार आहे. संग्रह एका शाळेला द्यायचं ठरलं, ते बरं झालं. नवीन विभागप्रमुख भले माणूस आहेत. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "भाऊ, ज्यावर नाव नाही ते शाळा घेणार नाही. नेमक्या जातीपर्यंत नको, निदान संघ, म्हणजे प्राण्याचा मोठा गट, तरी लिहा, आणि खाली जाणकाराची सही पाहिजे. दिवाळीपर्यंत थांबतो." मी त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला.

मॅडम म्हणाल्या, "फेकू द्या जी आता. मले दिसत नाई. न पाहता सही कशी करू? जे आयुष्यभर पाह्यलं नाई, ते राह्यलंच म्हनायचं."

मी फोन ठेवला. मोठ्या माणसाला उलट बोलायची माझी सवय नाही, आणि न पाहता सही करायची नाही हे तर मॅडमनीच आम्हाला शिकवलं. पण आता सगळ्यांसमोर नम्रपणे विचारतो, मॅडम, ज्यांना दिसत नाही त्या सगळ्यांना एका फळीवर बसवून, आता यांच्यानं होत नाही अशी चिठ्ठी लावायची, ही वर्गवारी कोणत्या हिशोबानं? ही तर माझ्या उडणाऱ्या-पोहणाऱ्यासारखी झाली.

म्हणून गेले अनेक मंगळवार मी एक काम केलं. अकराही बरण्या एकेक करून खिडकीशी नेल्या, भिंग घेतलं, आणि तुमचे प्रश्न तुमच्याच क्रमानं विचारले. कणा, वलयं, पाय, सांधे, कवच. जे दिसलं ते लिहिलं, जे दिसलं नाही ते "दिसलं नाही" असं लिहिलं. दहा बरण्यांचे दहा कागद शुभाताईंच्या नावानं वेगळे पाठवले आहेत, सोबत या पत्राची नक्कलही. ताई वाचतील, तुम्ही ऐका. पटेल तिथे सही करा, सहीची जागा ताई बोट धरून दाखवतील. पटणार नाही तिथे करू नका, ती बरणी मी स्वतः खाली उतरवीन.

मॅडम, तुम्हाला पुष्कळ आयुष्य लाभो, आणि ते दुखण्याखुपण्याचं नको, गप्पांचं आणि भुकेचं लाभो. गुडघे साथ देवोत, कान तीक्ष्ण राहोत, आणि कोणी घाईनं नाव घेतलं तर त्याला थांबवण्याइतका आवाज खणखणीत राहो. इथल्या सगळ्या मंडळींच्या वतीनं एवढंच मागतो.

अकरावा कागद वडनेरच्या जिवाचा. तो पाठवला नाही, इथेच लिहितो. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या. कणा नाही. पाय नाहीत. कवच नाही. अंग फितीसारखं चपटं. पाठीवर मधोमध एक गडद रेघ, आता फिकट झालेली. तोंड डोक्याला नाही, पोटाच्या मध्यावर एक छिद्र आहे, तेच तोंड असावं. जिवंत असताना डोकं पसरट, उघडलेल्या पंख्यासारखं होतं, आणि मी वीट उचलली तेव्हा त्यानं एका गांडुळाला विळखा घातला होता, हे मला पक्कं आठवतं. यावरून मी चिठ्ठीवर चपट्या कृमींचा संघ असं लिहिलं आहे, पेन्सिलीनं.

अडलो आहे तो वलयांशी. आता भिंगातून वलयं दिसत नाहीत. पण ती मुळातच नव्हती, की इतक्या वर्षांत फॉर्मालिननं पुसली गेली, हे मला ठरवता येत नाही. वलयं असतील तर तो गांडुळा-जळवांकडचा, आणि माझं सगळं चुकलं. त्या दिवशी तो ताजा होता आणि खिडकीशी उभं राहून तुम्ही त्याला पाहिलं होतं, तुमच्याइतकं नीट कोणीच पाहिलं नव्हतं. याला आता डोळे लागणार नाहीत, आठवण लागेल. ती तुमच्याजवळ आहे. वलयं होती का, मॅडम? आठवून ताईंकडून दोन ओळी लवकर लिहून पाठवा. तोवर पेन्सिलीनं लिहिलेलं मी खोडतही नाही, शाईनं गिरवतही नाही.

आपला,
गुणवंत